चाँद डोक्यावर, दर्या दारात

या सदरात आम्ही सहसा वर्गातल्या गोष्टी लिहितो. यावेळची गोष्ट समुद्रकाठची आहे, पण शेवटी तीही फळ्यापाशीच येते, म्हणून इथे सांगायला हरकत नाही. तिच्यात आमची फजिती आहे आणि एक चूक आहे. फजितीवर वाचकांनी खुशाल हसावं. चूक मात्र जरा थांबून वाचावी, कारण ती कुठल्याही घरात, कुठल्याही बापाच्या हातून होण्यासारखी आहे.

जानेवारीची अखेर होती. झेंडावंदन झालं, मुलांना जिलेबी वाटली आणि आम्ही साताऱ्याहून निघालो. जोडून सुट्टी आली होती. आम्ही चौघे जुने मित्र: एक गणिताचे सर, एक मेडिकल दुकानवाले, एक गॅरेजवाले आणि आम्ही. सोबत दोन मुलं. गॅरेजवाल्यांचा मुलगा कॉलेजात जातो. आमचा तेरा वर्षांचा, आठवीत. घरच्या मंडळींनी बजावून पाठवलं होतं, "पाण्यात जाऊ नका." आम्ही म्हटलं, "अहो, पाण्यात कोण जातंय? आम्ही वाळूवर झोपणार." पुढे काय झालं ते कळेलच.

महाबळेश्वर, आंबेनळी घाट, पोलादपूर, खेड करत दापोलीला पोहोचेपर्यंत जोहरची नमाज वाटेतल्या मशिदीत झाली होती. दापोलीच्या पुढे रस्ता उतरायला लागतो आणि हवा बदलते. हर्णै बंदराच्या बाजूला समुद्रात सुवर्णदुर्ग दिसतो. आंजर्ल्याच्या डोंगरावर कड्यावरच्या गणपतीचं देऊळ आहे, तर केळशीच्या टेकडीवर याकूब बाबांचा दर्गा. या दोन गावांच्या मध्ये पाडले, आडे अशी छोटी गावं. एका बाजूला जांभ्याचा डोंगर, दुसऱ्या बाजूला सुरूची झाडं आणि त्यांच्यामधून दिसणारा समुद्र. मैलभर चालावं तर वाळूवर माणूस भेटत नाही, खेकड्यांची बिळं तेवढी भेटतात. गाडीतली गाणी कधी बंद झाली ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

याच पट्ट्यातल्या एका गावाखाली आम्ही मुक्काम ठरवला. ठरवला म्हणजे, गाडी वर रस्त्याला लावली, सामान उचललं आणि खाली उतरलो. गावात कुणाला विचारलं नाही. विचारायचं काय त्यात, असं वाटलं.

तेव्हा असर होऊन गेली होती. समुद्र इतका लांब गेलेला की लाटांचा आवाजही बारीक येत होता. समोर ही एवढी मोठी, सपाट, घट्ट वाळू. क्रिकेटचं मैदानच जणू. वरच्या बाजूला वाळू भुसभुशीत होती, तिच्यात पाय रुतायचे. तिथे जांभळ्या फुलांची एक वेल जमिनीवर पसरली होती, आणि तिच्या जरा खाली सुकलेला पाला, लाकडं, थर्माकोलचे तुकडे, फुटक्या बाटल्या अशी कचऱ्याची लांबच लांब ओळ. आम्ही म्हटलं, या कचऱ्यात कोण झोपणार? तंबू खालीच लावू. खुंट्या घट्ट बसतील.

खुंट्या ठोकताना मुलगा म्हणाला, "अब्बा, वर वेलीपाशी लावले तर? आज चौदावा चाँद आहे ना?"

आम्ही म्हणालो, "चाँदाचं काय आता मध्येच? तू दोरी धर नीट."

त्याने दोरी धरली.

आता वाचकहो, यातली गंमत बघा. आज चौदावा चाँद आहे हे आम्हां सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. आमचे मेडिकलवाले दर महिन्याला अय्यामे बीजचे, म्हणजे तेराव्या, चौदाव्या आणि पंधराव्या चाँदाचे रोजे ठेवतात. प्रवासात सवलत असूनही त्यांनी त्या दिवशी रोजा सोडला नव्हता. सूर्य पाण्यात बुडाला, त्यांनी खजूर तोंडात टाकला, आणि त्याच वेळी पाठीमागे डोंगरावर तांबूस, भलामोठा चाँद वर आला. आम्ही सगळे "सुब्हानल्लाह" म्हणत राहिलो. कॉलेजवाल्या पोराने फोटो काढले. मगरिबची जमात वाळूवर झाली. आणि दर साल सातवीच्या वर्गाला भरती-ओहोटीचा धडा शिकवणारे आम्ही, ज्यांनी फळ्यावर शेकडो वेळा सूर्य, पृथ्वी आणि चंद्र एका रेषेत काढले असतील, त्या चाँदाकडे नुसते बघत राहिलो.

मसूरची खिचडी झाली, इशा झाली, गप्पा झाल्या. पाण्याचा आवाज जरा जवळ आल्यासारखा वाटत होता. गणिताचे सर म्हणाले, "रात्री आवाज मोठाच वाटतो." साडेनवाला सगळे तंबूत शिरले. दिवसभराच्या प्रवासाने झोप लगेच लागली.

दहाच्या सुमारास बॅटरीचा उजेड तंबूवर पडला. "कोण आहे रे आत? उठा, उठा!"

बाहेर एक म्हातारे गृहस्थ उभे. डोक्यावर टोपी, लुंगी गुडघ्यापर्यंत खोचलेली. इशानंतर मशिदीच्या ओट्यावर बसले असताना खाली उजेड दिसला, मग तो विझला, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की कुणीतरी तिथेच झोपलं आहे. सत्तरी उलटलेला माणूस अंधारातून उतरून आला होता. त्यांची बाणकोटी बोली आम्हाला अर्धी समजत होती, पण हात ते जिकडे करत होते तिकडे बघितलं आणि बाकीची अर्धी आपोआप समजली. पाणी तीस-चाळीस पावलांवर होतं. संध्याकाळचं मैदान गायब झालं होतं.

"चाचा, अजून वर येईल का?" आम्ही विचारलं.

"अजून तास-सव्वा तास चढणार. आज उधाण आहे. पोरं आहेत ना आत? आधी पोरांना काढा."

ते शब्द ऐकले आणि आमच्या पोटात गोळा आला. मुलं गाढ झोपली होती. त्यांना उठवलं, तंबू उखडले, गुंडाळायला वेळ नव्हता म्हणून तसेच ओढत वर नेले. चाचांनी स्वतः दोन पिशव्या उचलल्या. दुसऱ्या फेरीत पाणी पायाला लागलं. तिसऱ्या फेरीला त्यांनी जाऊ दिलं नाही. म्हणाले, "जे राहिलं ते राहिलं." खिचडीची देगची, स्टोव्ह आणि गणिताच्या सरांचे नवे बूट राहिले. अकराच्या पुढे, जिथे आमचा मुलगा झोपला होता त्या जागेवरून लाट गेली. मोठी नव्हती ती. फेस आणणारी, घोट्याएवढी साधी लाट. पण तिच्या मागे दुसरी होती, आणि झोपेतल्या माणसाला, चेन लावलेल्या तंबूत, अंधारात, घोट्याएवढं पाणीही फार होतं. चाचा आलेच नसते तर, हा विचार आम्ही तेव्हा केला नाही. पुढे बऱ्याच रात्री केला.

आम्ही वेलीच्या वरच्या बाजूला सतरंजी टाकून बसलो. चाचाही बसले. पाणी परत फिरल्याशिवाय ते घरी जायला तयार नव्हते. आम्ही ओळख दिली. भूगोल शिकवतो हे सांगताना आवाज जरा खालीच आला.

ते हसले नाहीत. त्यांनी बॅटरी वेलीवर धरली. "मास्तर, हिला मर्यादवेल म्हणतात. हिच्या पलीकडे दर्याची हद्द, अलीकडे आपली. पावसाळ्यातली, तुफानातली गोष्ट वेगळी. आणि तो कचरा बघितलात? तो कालच्या भरतीने आणून टाकला. दर्या रोज स्वतःच्या हाताने रेघ मारून जातो. तुम्ही रेघेच्या आत झोपलात."

वेलीचं नाव आम्ही पुस्तकात वाचलं होतं. ती दिसते कशी, हे त्या रात्री कळलं.

मग त्यांनी वर बोट केलं. चाँद बरोबर डोक्यावर आला होता. "आमच्या इथे लहान पोरालाही कळतं. चाँद डोक्यावर, दर्या दारात. चाँद डोंगराला किंवा पाण्याला टेकला, दर्या लांब."

एवढंच. आम्ही धड्यात बारा तास पंचवीस मिनिटं शिकवतो, रोज भरती सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येते हेही शिकवतो. पण ती उशिरा का येते, तर चाँदच रोज तेवढा उशिरा डोक्यावर येतो, हे त्या एका वाक्यात होतं. संध्याकाळी चाँद डोंगरातून वर येत होता, म्हणजे टेकलेलाच होता, म्हणून समुद्र लांब होता. त्याच चाँदाचे फोटो काढून आम्ही त्याच समुद्राच्या वाटेत झोपलो.

चाचांनी हिशोबही सांगितला. चाँदाच्या तारखेची पाऊणपट करायची, जे येईल ती भरतीची वेळ. मगरिबनंतर पंधरावी लागली होती. पंधराची पाऊणपट सव्वा अकरा. आठवा चाँद असेल तर सहा. पंधराच्या पुढे गेलं की पंधरा वजा करून पुन्हा एकपासून मोजायचं. कोकणातले बाकीचे लोक हाच हिशोब तिथीवरून करतात. आपली चाँदाची तारीख आणि तिथी यांत एखाद्या दिवसाचा फरक पडतो, त्यामुळे अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरावा. आमचे गणिताचे सर, बूट गेल्याचं दुःख विसरून, बोटांवर पाऊणपट करत बसले.

आणि पाणी कसं चढतं, तेही कळलं. ओहोटी संपल्यावर पहिला तास-दीड तास ते हललंय असं वाटत नाही. सहा तासांतल्या मधल्या दोन तासांत जवळपास निम्मं पाणी चढून येतं. आम्ही खिचडी खात होतो, ते नेमके तेच दोन तास. अमावास्या-पुनवेच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी जास्त वर येतं आणि जास्त खालीही जातं. सातव्या-आठव्या आणि एकविसाव्या-बाविसाव्या चाँदाच्या सुमारास भांग, तेव्हा दर्या शांत, चढ-उतार कमी. हे दोन्ही शब्द आमच्या पुस्तकात आहेत. चाचांच्या तोंडून ते दूध आणि भाकरीसारखे रोजचे वाटले.

शेवटी ते सहज बोलून गेले, "ईदचा चाँद बघायला आमचं सगळं गाव इथे वाळूवर जमतं. तेव्हा दर्या नेहमी लांब गेलेला असतो. चाँद पाण्याला टेकलेला असतो ना."

आम्ही वर्षातून दोनदा-तीनदा चाँद शोधतो. दिसला की नाही यावरून फोनाफोनी करतो, वाद घालतो. मग महिनाभर मान वर करत नाही. तारीख कॅलेंडरवर बघतो. त्या माणसाने सगळं आयुष्य होडीवर काढलं, आणि त्याला रोज रात्री वर बघावं लागलं. बघितलं नाही तर घरी परत येणं कठीण.

साडेबाराला पाणी फिरलं. चाचा उठले, सकाळी घरी या म्हणाले आणि अंधारात चढून गेले.

फजरला आम्ही वेलीपाशीच उभे राहिलो. उजाडल्यावर मुलगा आणि आम्ही देगची शोधायला निघालो. देगची मिळाली, निम्मी वाळूत रुतलेली. स्टोव्ह मिळाला नाही. बुटांपैकी एक मिळाला.

पुढे बऱ्याच अंतरावर एक तरुण वाळू न्याहाळत चालत येत होता. कासवमित्र होता तो. या पट्ट्यात केळशी, आंजर्ले, वेळास अशा किनाऱ्यांवर थंडीच्या दिवसांत ऑलिव्ह रिडले जातीची कासवं अंडी घालायला येतात. पहाटे त्यांच्या खुणा शोधायच्या, अंडी कुंपणातल्या सुरक्षित जागी नेऊन पुरायची आणि पिल्लं बाहेर आली की त्यांना समुद्रात सोडायचं, हे कासवमित्रांचं काम. त्याने आम्हाला रात्रीची खूण दाखवली. ट्रॅक्टरच्या चाकासारखा पट्टा पाण्यापासून निघून सरळ वर गेला होता. कचऱ्याची ओळ ओलांडून, भुसभुशीत वाळूत, जिथे भरती पोहोचत नाही अशा जागी. एका खड्ड्यात शंभरच्या आसपास अंडी असतात. दीड-दोन महिने ती वाळूच्या उबेवर राहणार. एकदा समुद्र आत शिरला तर सगळं वाया. त्याने हेही सांगितलं की किनाऱ्यावर शेकोटी आणि बॅटऱ्यांचा झगमगाट असला तर कासव अंडी न घालताच परत फिरतं, आणि पिल्लं उजेडाला भुलून समुद्राऐवजी गावाकडे चालायला लागतात. हे ऐकून आम्ही पुन्हा एकदा खाली मान घातली.

तो पुढे गेला. मुलगा त्या पट्ट्याकडे बघत उभा होता. आम्ही म्हणालो, "बेटा, काल तू बरोबर विचारलं होतंस. मी ऐकलं नाही. चूक माझी होती."

तो जरा गोंधळला. मग म्हणाला, "मलाही खात्री नव्हती, अब्बा. तुम्ही नको म्हणालात, मग वाटलं आपलंच चुकत असेल. म्हणून परत नाही विचारलं."

सारी रात्र पाण्याची भीती वाटली, पण या वाक्याने जे वाटलं ते निराळं होतं. ज्याला धडा आम्हीच शिकवला, तो धडा त्याच्या डोक्यात जागा होता. आमच्या डोक्यात झोपला होता. त्याने नेमक्या वेळी, नेमका प्रश्न विचारला. आणि आम्ही एका वाक्यात त्याचा प्रश्नच नव्हे, त्याची खात्रीही काढून घेतली. रागावलो नव्हतो, हात उगारला नव्हता. नुसतं "दोरी धर" म्हणालो होतो. वर्गात साठ मुलं असतात. असं "दोरी धर" आपण दिवसातून किती वेळा म्हणतो, ते आम्ही मोजायचं ठरवलं आणि दोन दिवसांत मोजणं सोडून दिलं. आकडा सांगण्यासारखा नव्हता.

सकाळी चाचांच्या घरी तांदळाच्या भाकऱ्या आणि बांगड्याचं सालन खाल्लं. त्यांच्या घरच्या बाईंनी आमचे ओले तंबू अंगणात वाळत घातले. दुसऱ्या रात्री मुक्काम चाचांनी दाखवलेल्या जागी, सुरूच्या झाडांखाली केला. शेकोटी पेटवली नाही. मुलाने पाऊणपट करून भरतीची वेळ सांगितली. आमचे सगळे गडी ते पडताळायला जागे राहिले. थोडा फरक पडला, पण गणिताच्या सरांनी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले.

समुद्रकाठी मुक्कामाला जाणाऱ्या घरांसाठी चार गोष्टी लिहून ठेवतो. आधी गावात जा. मशिदीत, दुकानात, ग्रामपंचायतीत, कुठेही, पण विचारा आणि परवानगी घ्या. निघण्यापूर्वी चाँदाची तारीख बघा. तंबू कचऱ्याच्या ओळीच्या आणि मर्यादवेलीच्या वर लावा, वेल तुडवू नका. वाळू घट्ट आणि ओलसर असेल तर ती जागा समुद्राची आहे, ती कितीही सुंदर दिसली तरी. आणि आपला कचरा आपण परत आणा. ती ओळ आधीच पुरेशी लांब आहे.

शाळेत परतल्यावर आम्ही सातवीच्या मुलांना एक तक्ता करायला लावला. रोज रात्री चाँद बघायचा, त्याचा आकार काढायचा, तारीख लिहायची आणि त्या दिवशी कोकणात भरती किती वाजता असेल ते काढायचं. साताऱ्यात समुद्र नाही, चाँद तर आहे. पहिल्या आठवड्यात पोरांनी कॅलेंडर बघून तक्ता भरला. मग ढगाळ रात्री "चाँद दिसला नाही" असं लिहिणारी एक मुलगी निघाली. तिथून तक्ता खरा सुरू झाला.

पुढे रमजान झाला. एकोणतिसाव्या संध्याकाळी आम्ही सगळे इमारतीच्या गच्चीवर होतो. नेहमीप्रमाणे एकाला चाँद दिसत होता, दुसऱ्याला नाही, तिसऱ्याचा मेव्हणा फोनवर होता. आमचा मुलगा पश्चिमेकडे बघत म्हणाला, "अब्बा, आत्ता चाचांच्या इथे ओहोटी असेल."

तोंडावर आलं होतं, आता मध्येच काय हे? पण आम्ही थांबलो आणि विचारलं, "कशावरून?"

त्याने सांगायला सुरुवात केली. शेजारचे दोघे-तिघे फोन खाली ठेवून ऐकायला लागले.